विश्लेषण : दोन दिवसांचा सेल्टिक! लेन बायसची निवड, मृत्यू आणि त्यातून आलेला कायदा

दर वर्षी जून महिना आला, की अमेरिकेतील बास्केटबॉलप्रेमींमध्ये एकच वाद रंगतो. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या कोणत्या खेळाडूला आपल्या संघाने घ्यावे? १९८६ मध्ये या वादाच्या केंद्रस्थानी लेन बायस हा २२ वर्षांचा तरुण होता. १७ जूनला विजेत्या बोस्टन सेल्टिक्सने त्याला निवडले. १९ जूनच्या सकाळी त्याचा मृत्यू झाला. तो एनबीएमध्ये एक मिनिटही खेळला नाही. तरीही त्याच्या मृत्यूने एका विद्यापीठाचा क्रीडा विभाग ढवळून निघाला, एका बलाढ्य संघाची घडी विस्कटली आणि हजारो लोकांना तुरुंगात नेणारा कायदा आला.

लेन बायस कोण होता?

लिओनार्ड केव्हिन बायसचा जन्म १८ नोव्हेंबर १९६३ रोजी झाला. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँड राज्यातील लँडोव्हर या उपनगरात तो वाढला. वडील जेम्स, आई लोनीस आणि भावंडे असे त्याचे कुटुंब. वॉशिंग्टनचा तेव्हाचा एनबीए संघ बुलेट्स ज्या कॅपिटल सेंटरमध्ये खेळायचा, ते याच लँडोव्हरमध्ये होते.

हायट्सव्हिलच्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये त्याचा खेळ बहरला. तेथून काही मैलांवर, कॉलेज पार्क येथे मेरीलँड विद्यापीठ आहे. त्याने तेथेच प्रवेश घेतला. घराजवळचा मुलगा घराजवळच्याच विद्यापीठाकडून खेळणार म्हटल्यावर स्थानिक चाहत्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून आपले मानले.

पहिल्या वर्षी त्याची सरासरी सामन्यामागे जेमतेम सात गुणांची होती. उंच उडी होती, ताकद होती, पण खेळ कच्चा होता. लेफ्टी ड्रिझेल या अनुभवी प्रशिक्षकांच्या हाताखाली तो दर वर्षी सुधारत गेला. १९८४ मध्ये अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स अर्थात एसीसी या महाविद्यालयीन गटाच्या अंतिम सामन्यात त्याने ड्यूकविरुद्ध २६ गुण केले. मेरीलँडने १९५८ नंतर प्रथमच ही स्पर्धा जिंकली. १९८५ आणि १९८६ अशी सलग दोन वर्षे तो एसीसीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अखेरच्या वर्षात त्याची सरासरी २३.२ गुण आणि ७ रिबाउंड अशी होती. महाविद्यालयीन कारकीर्दीत त्याने २,१४९ गुण केले. मेरीलँडसाठीचा हा विक्रम २००२ पर्यंत टिकला.

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

भारतीय चाहत्यांना आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तेथे ज्याच्याकडे पैसा शिल्लक, त्याची बोली मोठी. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, क्रम असतो. आपली पाळी आली, की संघाने उपलब्ध खेळाडूंपैकी एकाचे नाव घ्यायचे. त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क मग त्याच संघाचा. खेळाडूला संघ निवडता येत नाही.

दुबळ्या संघांना चांगले नवे खेळाडू मिळावेत, म्हणून त्यांना आधीची पाळी दिली जाते. मात्र आधीचा क्रमांक मिळावा म्हणून संघ मुद्दाम हरतात, असा संशय १९८० च्या दशकात बळावला. त्यामुळे १९८५ पासून बाद फेरी न गाठलेल्या संघांमध्ये क्रम ठरवण्यासाठी सोडत काढली जाऊ लागली. त्या काळी सात फेऱ्यांचा असलेला ड्राफ्ट आता दोन फेऱ्यांचा आहे. भारतात जन्मलेला पहिला खेळाडू या दाराने एनबीएपर्यंत पोहोचला तो २०१५ मध्ये. पंजाबच्या सतनाम सिंगला तेव्हा डॅलस मॅव्हरिक्सने ५२व्या क्रमांकावर निवडले होते.

या पद्धतीतील महत्त्वाची मेख म्हणजे पाळीचीही देवाणघेवाण करता येते. आज एक खेळाडू द्यायचा आणि त्या बदल्यात दोन, पाच किंवा सात वर्षांनंतरची पाळी घ्यायची, असे व्यवहार होतात. १९८६ ची गोष्ट अशाच दोन जुन्या व्यवहारांतून सुरू होते.

विजेत्या संघाला दुसरा क्रमांक कसा मिळाला?

बोस्टन सेल्टिक्सने १९८५-८६ च्या हंगामात ८२ पैकी ६७ सामने जिंकले होते. घरच्या मैदानावर ४१ सामन्यांत त्यांचा एकच पराभव झाला. ८ जून १९८६ रोजी ह्यूस्टन रॉकेट्सला नमवून त्यांनी १६वे विजेतेपद मिळवले. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल, रॉबर्ट पॅरिश आणि जोडीला बिल वॉल्टन. एनबीएच्या इतिहासातील सर्वोत्तम संघांमध्ये आजही या संघाचे नाव घेतले जाते. नियमाप्रमाणे अशा संघाची पाळी सर्वात शेवटी यायला हवी होती.

पण संघाचे अध्यक्ष रेड आउरबाख हे व्यवहारात मुरलेले गृहस्थ होते. १९८४ मध्ये त्यांनी जेराल्ड हेंडरसन या गार्डला सिअॅटलकडे पाठवले आणि बदल्यात सिअॅटलची १९८६ ची पहिल्या फेरीतील पाळी घेतली. सिअॅटलचा संघ पुढे घसरला. सोडतीत त्या पाळीला दुसरा क्रमांक लागला आणि ती पडली विजेत्या बोस्टनच्या पदरात.

पहिल्या क्रमांकाची कथा आणखी रंजक आहे. १९७९ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सने जो ब्रायंट हा खेळाडू तेव्हाच्या सॅन डिएगो क्लिपर्सला देऊन त्यांची १९८६ ची पाळी घेतली होती. हा जो ब्रायंट म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेल्या कोबी ब्रायंटचे वडील. सात वर्षांनी सोडतीत नेमका त्याच पाळीला पहिला क्रमांक मिळाला.

बायस की डॉहर्टी? चाहत्यांचा वाद कशावर होता?

त्या वर्षी सर्वाधिक चर्चा दोन नावांची होती. पहिले ब्रॅड डॉहर्टी. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा हा सेंटर सात फूट उंच, अवघा २० वर्षांचा आणि पास देण्यात वाकबगार. अखेरच्या हंगामात त्याचे ६४ टक्क्यांहून अधिक फटके बास्केटमध्ये गेले होते. दुसरे लेन बायस. सहा फूट आठ इंच उंचीचा फॉरवर्ड, डॉहर्टीपेक्षा वयाने दोन वर्षांनी मोठा, पण हवेत झेपावून अचूक जम्प शॉट मारण्यात त्या पिढीत अव्वल.

वादाच्या मुळाशी बास्केटबॉलमधील एक जुना ठोकताळा होता. चांगला उंच सेंटर मिळत असेल, तर तो सोडू नये. सेंटर दुर्मीळ असतात, उडी मारणारे फॉरवर्ड दर वर्षी येतात, असे हा ठोकताळा सांगतो. मात्र दोनच वर्षांपूर्वी या ठोकताळ्याला मोठा तडा गेला होता. १९८४ मध्ये पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा सेंटर निवडला आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मिळाला मायकल जॉर्डन. बोवीला दुखापतींनी ग्रासले. जॉर्डनने एप्रिल १९८६ मध्ये बोस्टनच्याच मैदानावर, बाद फेरीच्या सामन्यात एकट्याने ६३ गुण केले. सेल्टिक्सने तो सामना जिंकला, पण असा एक खेळाडू काय करू शकतो हे बोस्टनच्या चाहत्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अवघ्या दोन महिन्यांनी त्यांच्यासमोर बायसचे नाव होते. तोही एसीसीतून आलेला, तोही गुरुत्वाकर्षण झुगारणारा.

क्लीव्हलँडची गरज वेगळी होती. त्या संघाला पायापासून उभारणी करायची होती आणि त्यासाठी मधली जागा भरणारा सेंटर हवा होता. फिलाडेल्फियाच्या चाहत्यांचा प्रश्न तर त्याहून बिकट होता. त्यांच्या संघात मोझेस मलोनसारखा दिग्गज सेंटर होता, पण त्याचे वय वाढत होते. मग डॉहर्टीला घेऊन पुढची दहा वर्षे निश्चिंत व्हायचे, की आणखी काही?

चॅपेल हिलचा सामना इतका महत्त्वाचा का ठरला?

बायस आणि डॉहर्टी या दोघांना एकाच सामन्यात तोलून पाहण्याची संधी चाहत्यांना मिळाली होती. २० फेब्रुवारी १९८६ रोजी मेरीलँडचा संघ चॅपेल हिल येथे नॉर्थ कॅरोलायनाशी खेळायला गेला. यजमान संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्याच हंगामात उघडलेल्या नव्या डीन स्मिथ सेंटरमध्ये तो एकदाही हरला नव्हता.

सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात मेरीलँड पिछाडीवर असताना बायसने जम्प शॉट मारला. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू पुन्हा खेळात आणताच त्याने तो हिसकावला आणि बास्केटकडे पाठ करून डंक केला. सामना अतिरिक्त वेळेत गेला आणि मेरीलँडने तो ७७-७२ असा जिंकला. बायसचे गुण होते ३५. त्या काही सेकंदांची चित्रफीत आजही ड्राफ्टच्या दिवसांत नव्याने पाहिली जाते.

ड्यूकचे प्रशिक्षक माइक शिशेव्स्की यांनी पुढे अनेकदा सांगितले, की त्यांच्या संघाविरुद्ध खेळलेल्या खेळाडूंमध्ये जॉर्डन आणि बायस हे दोघे इतरांपासून वेगळे उठून दिसणारे होते. आउरबाख यांना तर हे कोणी सांगण्याची गरज नव्हती. ते बोस्टनच्या संघाचे अध्यक्ष असले, तरी त्यांचे घर वॉशिंग्टनमध्ये होते. बायसचा खेळ त्यांच्या घराजवळच चालला होता.

निवडीच्या दिवशी काय घडले?

ड्राफ्टच्या आदल्या दिवशी, १६ जूनला फिलाडेल्फियाने आपल्याच चाहत्यांना धक्का दिला. पहिली पाळी त्यांनी क्लीव्हलँडला देऊन टाकली. बदल्यात रॉय हिन्सन हा फॉरवर्ड आणि आठ लाख डॉलर घेतले. त्याच दिवशी मोझेस मलोनलाही वॉशिंग्टनला पाठवले. सेंटरही गेला आणि सेंटर घेण्याची पाळीही गेली. हिन्सन दीड हंगामात फिलाडेल्फियाबाहेर पडला. त्या शहरात हा व्यवहार अजूनही दुखऱ्या नसेसारखा आहे.

१७ जून रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील फेल्ट फोरममध्ये क्लीव्हलँडने अपेक्षेप्रमाणे डॉहर्टीचे नाव घेतले. त्यानंतर सेल्टिक्सने बायसचे. सेल्टिक्सची हिरवी टोपी घातलेला हसरा बायस टीव्हीवर देशाने पाहिला. बोस्टनच्या चाहत्यांच्या दृष्टीने वाद तेथेच संपला. तिशीत पोहोचत चाललेल्या बर्ड आणि मॅकहेल यांच्याकडून संघाची सूत्रे हळूहळू कोणाकडे जाणार, याचे उत्तर मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी, १८ जूनला बायस वडिलांसह बोस्टनला गेला. संघाच्या कार्यालयात आणि पत्रकारांसमोर त्याचे स्वागत झाले. रिबॉक कंपनीबरोबर बुटांच्या जाहिरात कराराची बोलणीही झाली. रात्री पितापुत्र मेरीलँडला परतले. घरी थोडा वेळ थांबून बायस विद्यापीठाच्या वसतिगृहात मित्रांना भेटायला गेला.

१९ जूनच्या पहाटे काय झाले?

वसतिगृहाच्या खोलीत मित्रांबरोबर आनंद साजरा करताना बायसने कोकेन घेतले. सकाळी साडेसहाच्या सुमारास त्याला झटके आले आणि तो कोसळला. मित्रांनी रुग्णवाहिका बोलावली. जवळच्या लेलँड मेमोरियल रुग्णालयात डॉक्टरांनी त्याचे हृदय पुन्हा सुरू करण्याचे शर्थीचे प्रयत्न केले. नऊ वाजण्याच्या काही मिनिटे आधी त्याला मृत घोषित करण्यात आले. निवड होऊन ४८ तासही उलटले नव्हते.

इतका धडधाकट खेळाडू असा कसा गेला, हा प्रश्न तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी होता. वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष स्पष्ट होता. कोकेनमुळे हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि हृदय बंद पडले. कोकेन हृदयाला वेगाने धावायला लावते आणि त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या आकुंचित करते. हृदयाच्या ठोक्यांचे नियंत्रण करणाऱ्या विद्युत संदेशांतही ते गडबड करते. त्यामुळे निरोगी, तरुण हृदयही अचानक थांबू शकते. हे सर्वसामान्य अमेरिकनांना त्या सकाळपर्यंत फारसे माहीत नव्हते. श्रीमंतांच्या मेजवान्यांमधील एक चाळा, अशीच कोकेनची प्रतिमा होती.

त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे न्यायालयात सांगितले, की बायसने कोकेन घेण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. सेल्टिक्सने निवडीपूर्वी केलेल्या तपासणीत मात्र काहीही आढळले नव्हते. उंची, उडी, गुणांची सरासरी, वय अशा सगळ्या गोष्टींवर महिनोन्‌महिने खल झाला होता. जी गोष्ट निर्णायक ठरली, ती कोणाच्याच यादीत नव्हती.

अवघ्या आठ दिवसांनी, २७ जूनला क्लीव्हलँड ब्राउन्स या फुटबॉल संघाचा २३ वर्षीय खेळाडू डॉन रॉजर्स याचाही कोकेनने बळी घेतला. देशभर घबराट पसरली.

विद्यापीठात काय उलथापालथ झाली?

मेरीलँडच्या कोल फील्ड हाउसमध्ये झालेल्या शोकसभेला सुमारे ११ हजार लोक जमले. ज्या कोर्टवर त्यांनी बायसचा जयघोष केला होता, तेथेच त्याला निरोप दिला. सेल्टिक्सने त्याच्यासाठी राखलेली ३० क्रमांकाची जर्सी आउरबाख यांनी आई लोनीस यांच्या हाती सोपवली.

त्यानंतर प्रश्न सुरू झाले. चार वर्षे विद्यापीठाकडून खेळूनही बायसला पदवीसाठी २१ क्रेडिट कमी पडत असल्याचे उघड झाले. खेळाडूंच्या अभ्यासाकडे विद्यापीठ लक्ष देते का, की त्यांच्याकडून फक्त सामने जिंकून घेते, यावर चौकशी समिती बसली. ऑक्टोबर १९८६ मध्ये क्रीडा संचालक डिक डल यांनी राजीनामा दिला. त्याच महिन्यात १७ वर्षे प्रशिक्षक राहिलेल्या ड्रिझेल यांनाही पद सोडावे लागले. कोकेन पुरवल्याच्या आरोपावरून बायसच्या एका मित्रावर खटला चालला. १९८७ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले.

एका खेळाडूच्या मृत्यूतून कायदा कसा आला?

प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती टिप ओनील हे मॅसॅच्युसेट्सचे, बोस्टन परिसरातून निवडून येणारे. चार जुलैच्या सुट्टीत मतदारसंघात गेल्यावर त्यांना जिकडेतिकडे एकच विषय ऐकू आला, लेन बायस. वॉशिंग्टनला परतताच त्यांनी आपल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीप्रमुखांना कामाला लावले. नोव्हेंबरमध्ये निवडणूक होती. अमली पदार्थांबाबत आपण मवाळ नाही, हे दोन्ही पक्षांना दाखवायचे होते.

सर्वसाधारणपणे अशा कायद्याआधी तज्ज्ञांच्या साक्षी होतात, आकडेवारी तपासली जाते. या वेळी शिक्षेच्या तरतुदींबाबत ते जवळपास झालेच नाही. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने विधेयक ३९२ विरुद्ध १६ मतांनी संमत केले. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अमली पदार्थविरोधी कायद्यावर स्वाक्षरी केली. बायसच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते.

या कायद्याने किमान शिक्षा सक्तीची केली. म्हणजे समोरचा आरोपी कोण, त्याची भूमिका किती, हे पाहून शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायाधीशांना फारशी उरली नाही. पुरवलेल्या अमली पदार्थामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास किमान २० वर्षे तुरुंगवास, ही तरतूदही त्यात होती. अमेरिकेत अनेक जण तिला आजही बायसच्याच नावाने ओळखतात.

कायद्यात चूक कुठे झाली?

कोकेन दोन रूपांत विकले जाते. एक पांढरी भुकटी आणि दुसरे त्यापासून बनवलेले खडे, ज्याला क्रॅक म्हणतात. क्रॅक स्वस्त होते आणि शहरांतील गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांत विकले जात होते. भुकटी महाग होती.

नव्या कायद्याने या दोहोंत १०० पट फरक केला. पाच ग्रॅम क्रॅक विक्रीसाठी बाळगले तर किमान पाच वर्षे कैद. तेवढीच शिक्षा भुकटीसाठी व्हायची तर ५०० ग्रॅम सापडायला हवी. बायसने क्रॅक घेतले होते, अशी अफवा मृत्यूनंतर पसरली होती. प्रत्यक्षात त्याने घेतली होती ती भुकटी. ज्या मृत्यूच्या धक्क्यातून कायदा आला, त्या मृत्यूला कारणीभूत ठरलेल्या रूपाला कायद्याने सौम्य वागवले.

परिणाम पुढच्या दोन दशकांत दिसले. संघराज्य न्यायालयांत क्रॅकच्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांपैकी १० पैकी आठांहून अधिक जण कृष्णवर्णीय होते. मोठ्या तस्करांऐवजी गल्लीतील छोटे विक्रेते आणि त्यांचे निरोप पोहोचवणारे दीर्घकाळ गजाआड गेले. शिक्षा आयोगाने १९९५ मध्ये ही तफावत दूर करण्याची शिफारस केली. काँग्रेसने ती फेटाळली. अखेर २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या काळात हे प्रमाण १०० वरून १८ पटींवर आणले गेले. आधीच शिक्षा भोगणाऱ्यांना त्याचा लाभ मागण्याचा मार्ग २०१८ च्या कायद्याने खुला झाला. तोवर बायस जाऊन ३२ वर्षे झाली होती.

सेल्टिक्सचे पुढे काय झाले?

सेल्टिक्सला बायसच्या जागी दुसरी निवड करण्याची संधी मिळाली नाही. पुढच्याच हंगामात वॉल्टन जायबंदी झाला. मॅकहेल पायाचे हाड मोडलेले असतानाही खेळत राहिला. राखीव खेळाडू कमी पडत होते. तरीही संघ १९८७ च्या अंतिम फेरीत पोहोचला, पण तेथे लॉस एंजेलिस लेकर्सकडून हरला. जी मिनिटे बायस खेळला असता, ती थकलेल्या आणि दुखावलेल्या दिग्गजांना खेळावी लागली. बर्डच्या टाचांवर १९८८ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पाठदुखीमुळे १९९२ मध्ये त्याने निवृत्ती घेतली.

१९८७ च्या ड्राफ्टमध्ये निवडलेला रेजी लुईस संघाचा नवा कर्णधार झाला. जुलै १९९३ मध्ये सराव करताना हृदयविकाराने तोही गेला. सेल्टिक्सला पुढचे विजेतेपद मिळाले ते थेट २००८ मध्ये.

डॉहर्टीची निवड मात्र क्लीव्हलँडला फळली. तो पाच वेळा ऑलस्टार सामन्यासाठी निवडला गेला. पाठीच्या दुखापतीने त्याची कारकीर्द तिशीच्या आतच थांबली, पण क्लीव्हलँडने त्याचा ४३ क्रमांक सन्मानाने निवृत्त केला. त्याच ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या ख्रिस वॉशबर्नवर १९८९ मध्ये अमली पदार्थांमुळे एनबीएने बंदी घातली. सातव्या क्रमांकाच्या रॉय टार्पलीवरही १९९१ मध्ये तीच वेळ आली. उलट दुसऱ्या फेरीत २७व्या क्रमांकापर्यंत कोणी न विचारलेला डेनिस रॉडमन पाच वेळा विजेता ठरला.

बायस कुटुंबाने दुःखाचे काय केले?

लोनीस बायस घरात बसून राहिल्या नाहीत. शाळा, चर्च, सभागृहे जेथे बोलावणे येई तेथे जाऊन त्या मुलांशी अमली पदार्थांबद्दल बोलू लागल्या. मुलाचा मृत्यू झाकून ठेवण्याऐवजी त्यांनी तो सगळ्यांसमोर मांडला.

डिसेंबर १९९० मध्ये त्यांच्यावर दुसरा आघात झाला. लेनचा धाकटा भाऊ जे, तोही बास्केटबॉलपटू, हायट्सव्हिलमधील एका मॉलमध्ये झालेल्या वादानंतर गोळीबारात मारला गेला. तो २० वर्षांचा होता. साडेचार वर्षांत दोन मुलगे गेले. त्यानंतर आईच्या भाषणांत बंदुकांचा विषयही आला. वडील जेम्स बंदुकांवरील नियंत्रणासाठी जाहीरपणे बोलू लागले. दोन्ही भावांना मेरीलँडमधील सूटलँड येथील लिंकन मेमोरियल दफनभूमीत शेजारी शेजारी दफन करण्यात आले.

आज बायसची आठवण का काढली जाते?

मेरीलँड विद्यापीठाला त्याचे नाव सन्मानाने घ्यायला बराच काळ लागला. २०१४ मध्ये त्याला विद्यापीठाच्या क्रीडा गौरव दालनात स्थान मिळाले. २०२१ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन बास्केटबॉल गौरव दालनातही त्याचा समावेश झाला.

बायस खेळला असता तर तो जॉर्डनच्या तोडीचा झाला असता का, हा वाद बोस्टनमध्ये आजही रंगतो आणि त्याचा निकाल कधीच लागणार नाही. मात्र त्याच्या मृत्यूनंतर संघांची सावधगिरी वाढली. निवडीपूर्वी खेळाडूचे मित्र, घर, सवयी, पैसे हाताळण्याची पद्धत यांची चौकशी आता उडी आणि फटक्यांइतकीच बारकाईने होते. अचानक प्रकाशझोतात आणि पैशांत आलेल्या विशीतल्या मुलांसाठी एनबीएने १९८६ पासूनच मार्गदर्शन वर्गही सुरू केले.

चाहत्यांचा वाद मात्र तसाच आहे. उंच हवा की चपळ, तयार हवा की घडवता येण्याजोगा, आपल्या संघाची गरज काय आणि नशीब काय. हा वाद ज्याच्यावर चालतो तो विशीतला मुलगा असतो, हे मात्र त्या गदारोळात सहज विसरले जाते. १९८६ च्या ड्राफ्टची यादी आजही पाहता येते. पहिल्या क्रमांकावर डॉहर्टी, पाचशेहून अधिक सामने. दुसऱ्या क्रमांकावर लेन बायस, बोस्टन. त्याच्यापुढे सामन्यांचा रकाना रिकामा आहे.